चीनमध्ये जुनं कुठे शोधायचं?

वूहान शहरात यांगत्से नदीजवळच्या टेकडीवर पिवळ्या क्रौंचाचा मनोरा आहे. तो पहिल्यांदा तिसऱ्या शतकात उभा राहिला असं सांगतात. थांग काळातल्या कवींनी त्याच्यावर कविता केल्या आणि आजही चिनी मुलांना त्या शाळेत पाठ कराव्या लागतात. आज आपण पाहतो तो मनोरा १९८५ साली पुरा झाला. तो सिमेंट काँक्रीटचा आहे, आत लिफ्ट आहे. मूळ जागेवरही तो नाही. त्या जागेवरून १९५७ साली यांगत्सेवरचा मोठा पूल गेला, म्हणून मनोरा किलोमीटरभर दूर बांधला. आधीचा मनोरा १८८४ साली जळाला होता, आणि त्याच्या आधीचेही कितीतरी जळाले, पडले, पुन्हा उभे राहिले.

आपल्याकडचा प्रवासी हे ऐकलं की नाक मुरडतो. "म्हणजे नकलीच की!" शेजारी एखादे चिनी आजोबा नातवाकडून ती कविता म्हणवून घेत असतात. लिफ्टच्या रांगेत उभं राहूनच. त्यांच्या मनात काही खटकत नाही. कवितेतला मनोरा हाच, नदी तीच, टेकडीही जवळपास तीच. बाकी तुळया आणि कौलं काय, बदलायचीच असतात.

चीनच्या जुन्या शहरांतून आणि खेड्यांतून हिंडताना हा पेच पावलोपावली समोर येतो. तो नीट समजून घेतल्याशिवाय हा देश पाहता येत नाही, अशी माझी समजूत आहे, आणि हे पुस्तक त्या समजुतीतून लिहिलं आहे. प्रस्तावना थोडी लांबली आहे. ती वगळून थेट शिआनच्या प्रकरणाकडे जाणाऱ्यांवर माझा राग नाही, पण त्यांनी तिथला तट पाहून "हा खरा का?" असं विचारलं, तर पुन्हा इथेच यावं लागेल.

आपण काळ्या कातळाच्या मुलखातली माणसं. अजिंठा, वेरूळ, भाजे, राजगड, रायगड. जुनं म्हणजे दगडात कोरलेलं किंवा दगडात रचलेलं, आणि पडकं असलं तर अधिकच खरं, असं आपल्या डोळ्यांना वळण लागलेलं आहे. कार्ल्याच्या चैत्यात छताला दोन हजार वर्षांच्या लाकडी कमानी आहेत, पण तिथेही आपली नजर खांबांवरच खिळते. चीनमधलं मोठं बांधकाम मात्र मुख्यतः लाकडाचं. दगड तटाला, पुलाला, थडग्याला. देवाला, राजाला आणि माणसाला लाकूड. लाकूड जळतं, किडतं, भिजून कुजतं. म्हणून तिथल्या कारागिरांनी इमारत अशी रचली की तिचे भाग काढता आणि घालता येतील. ११०३ साली सोंग दरबाराने ली जिए नावाच्या अधिकाऱ्याचा 'यिंगझाओ फाशी' हा बांधकामाचा ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्यात लाकडाच्या एका प्रमाण मापाच्या आठ प्रती ठरवून दिल्या आहेत. मोठ्या सभागृहाला पहिली, बागेतल्या छोट्या मंडपाला शेवटची. प्रत ठरली की तुळया, खांब आणि छपराला आधार देणाऱ्या, एकात एक गुंतलेल्या लाकडी हस्तांची मापं तिच्या हिशोबाने निघतात. अशा व्यवस्थेत एखादा भाग बदलणं हा अपघात नसतो. ते बांधतानाच गृहीत धरलेलं असतं.

हा विचार आपल्याला अगदी परका नाही. काशीविश्वेश्वराचं आजचं मंदिर अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात बांधलं. तिथे दर्शनाला गेलेल्या कोणाला ते नकली वाटत नाही. जीर्णोद्धार आपल्याला पुण्याचा वाटतो. मग परदेशात गेल्यावरच आपण पुरातत्त्व खात्याचे अधिकारी का होतो, कोण जाणे.

अर्थात खरोखरचं जुनं लाकूड चीनमध्ये नाहीच असं नाही, आणि त्याच्या शोधाची हकिगत सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. १९३०च्या दशकात ल्यांग सिचेंग आणि लिन ह्वेयिन हे जोडपं चीनच्या जुन्या इमारतींच्या शोधात खेडोपाडी हिंडत होतं. दोघंही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकलेले. लिन ह्वेयिन कवयित्रीही होत्या. १९२४ साली रवींद्रनाथ टागोर चीनला गेले तेव्हा त्यांच्या दुभाष्यांत त्या होत्या. 'यिंगझाओ फाशी'ची प्रत ल्यांग यांना त्यांच्या वडिलांनी अमेरिकेत पाठवली होती आणि पहिल्या वाचनात त्यातलं फारसं काही त्यांना कळलं नव्हतं. पुढे या दोघांनी आपल्या मुलाचं नावही त्या ली जिएवरून ठेवलं, इतका तो ग्रंथ घरातला झाला. त्या काळात जपानी अभ्यासकांचं ठाम मत होतं की थांग काळातली एकही लाकडी इमारत चीनमध्ये उरलेली नाही, ती पाहायची तर जपानातलं नारा गाठावं. हे मत या दोघांना बोचत होतं.

डुनह्वांगच्या लेण्यांत वूथाय पर्वताचं एक भलंमोठं भित्तिचित्र आहे. त्यात डोंगरातली मंदिरं नावानिशी दाखवली आहेत. फ्रेंच संशोधक पेलिओ यांनी काढलेल्या त्याच्या छायाचित्रात फोग्वांग हे नाव या जोडप्याला दिसलं. १९३७च्या जूनमध्ये ते शान्शी प्रांतात पोहोचले, पुढची वाट खेचरांवरून कापली आणि एका आडबाजूच्या डोंगरउतारावर त्यांना ते मंदिर सापडलं. छपराखालचे हस्त इतके मोठे आणि पुढे झेपावलेले, की पाहताच संशय आला. पण पुरावा हवा होता. दोघं माळ्यावर चढले. तिथे वटवाघळांची वस्ती, पायाखाली धुळीचा जाड थर, आणि अंगाला डसणारे ढेकूण. कित्येक दिवस मोजमापं चालली. अखेर लिन ह्वेयिन यांच्या दूरच्या नजरेला एका तुळईच्या खालच्या अंगावर पुसट शाईतली अक्षरं दिसली. त्यात दान देणाऱ्या बाईचं नाव होतं, निंग गोंगयू. तेच नाव मंदिराबाहेरच्या दगडी स्तंभावर होतं, आणि तिथे सालही कोरलेलं होतं. इसवी सन ८५७. सभागृहाच्या कोपऱ्यात बसलेली एक साधीशी स्त्रीमूर्ती त्याच बाईची असणार, हेही मग ध्यानात आलं. हे जोडपं डोंगरातून खाली आलं तोवर बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर जपानशी युद्धाला तोंड फुटलं होतं.

पुढे याच भागात आणखी जुनं, ७८२ सालचं नानछान मंदिर सापडलं. ते लहान आहे, आवरायला दहा मिनिटं पुरतात. फोग्वांगला मात्र सवडीने जावं. वूथाय पर्वतावरच्या मुख्य मंदिरांत गर्दी मावत नाही, इथे त्या मानाने शांतता असते.

ल्यांग सिचेंग यांची पुढची कहाणी बीजिंगच्या प्रकरणात सविस्तर आली आहे. १९४९ नंतर नव्या सरकारसमोर त्यांनी आराखडा ठेवला: राजधानीची कार्यालयं जुन्या शहराच्या पश्चिमेला नव्याने वसवा, जुनं शहर आहे तसं ठेवा, तटाच्या माथ्यावर लोकांसाठी बाग करा. आराखडा फेटाळला गेला. पुढच्या वर्षांत तट पाडला. त्याच्या रेषेवर आज दुसरा रिंग रोड आहे, आणि खालून मेट्रोची दोन नंबरची मार्गिका जाते. तिच्या स्थानकांच्या नावांत जुन्या वेशींची नावं शिल्लक आहेत. नकाशा हातात घेऊन त्या मार्गिकेची एक फेरी मारली की तट न पाहताही त्याचा आकार कळतो. आणि ज्या गल्लीतल्या घरात हे जोडपं १९३०च्या दशकात राहत होतं, ते घरही २०१२ साली पाडलेलं आढळलं. तेव्हा बरीच ओरड झाली.

म्हणून सांगतो, "लाकूड बदलायचंच असतं" हे सूत्र सरसकट लावता येत नाही. कोण बदलतंय आणि कोणासाठी, हे पाहावं लागतं. युन्नानमधल्या लिजियांगला १९९६ साली मोठा भूकंप झाला. जुनं शहर सावरलं, पुढच्याच वर्षी जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आज तिथली घरं आहेत, कालवे आहेत, दगडी फरसबंदी आहे. नाशी लोक मात्र घरं दुकानदारांना भाड्याने देऊन बाहेरच्या नव्या वस्तीत राहायला गेले. वास्तू वाचली, वस्ती उठली. काशगरचं जुनं उइगुर शहर २००९ पासून भूकंपसुरक्षेच्या कारणाने मोठ्या प्रमाणात पाडून पुन्हा बांधण्यात आलं. तिथे फिरताना ताज्या विटांची नक्षी सुबक दिसते, पण रहिवाशांना त्यात किती विचारलं गेलं, हा प्रश्न मनातून जात नाही. याला जीर्णोद्धार म्हणायला माझी जीभ धजावत नाही.

उलट उदाहरण पिंगयावचं. सहा किलोमीटरचा, १३७० सालचा तट, आत सरळ रस्ते आणि विटांचे चौसोपी वाडे. एकोणिसाव्या शतकात हे गाव चीनची मोठी सराफपेठ होतं. रिशेंगचांग ही पेढी इथेच निघाली. चांदी गाडीवर लादून लुटारूंच्या वाटेवरून नेण्याऐवजी इथल्या पेढ्या हुंडी लिहून देत, दूरच्या शहरातल्या शाखेत ती वटवली जाई. राजवट कोसळली, पेढ्या बुडाल्या, गावाकडे पैसा उरला नाही, आणि पैसा नसल्यामुळे कोणी जुनं पाडून नवं बांधलं नाही. १९८०च्या सुमारास रस्ते रुंद करायला सुरुवात झाली होती, तेव्हा शांघायच्या तोंगजी विद्यापीठातले प्राध्यापक रुआन यिसान धावून गेले आणि नवं गाव तटाबाहेर वसवा असं त्यांनी पटवून दिलं. ल्यांग यांचं म्हणणं बीजिंगमध्ये हरलं, पिंगयावमध्ये जिंकलं. आज तिथेही पर्यटकांची झुंबड आहे, पण मागच्या गल्ल्यांतून अजून दारात वाळत घातलेले कपडे दिसतात.

शिआनबद्दल एकच गोष्ट इथे सांगतो. आजचा तट मिंग काळातला, चौदाव्या शतकातला, जवळपास चौदा किलोमीटरचा. १९८०च्या दशकात त्याची मोठी डागडुजी झाली. त्यावरून सायकलने चक्कर मारता येते आणि मारावीच. पण या तटाला थांगांची राजधानी समजू नका. चांगआन शहर याच्या सात पट मोठं होतं. ह्युएनत्संगाने भारतातून आणलेल्या पोथ्यांसाठी ६५२ साली बांधलेला 'मोठ्या रानहंसाचा मनोरा' आज तटाच्या बाहेर, दक्षिणेला आहे. त्या काळी तो शहराच्या आत होता. हाच ह्युएनत्संग पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असा शेरा त्याने लिहून ठेवला. मराठी माणसाने या मनोऱ्यापुढे दोन मिनिटं जास्त उभं राहायला हरकत नाही. सम्राट छिनच्या मातीच्या सैन्यालाही हा 'नकली'चा निकष लावून पाहा. १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना ते सापडलं तेव्हा जवळजवळ सगळे सैनिक फुटलेले होते. आज रांगेत उभे दिसतात ते तुकडा तुकडा जुळवून उभे केलेले. ते पाहून "नकली" कोणी म्हणत नाही.

आता खेड्यांकडे आणि डोंगर-नद्यांकडे. ग्वेलिनहून यांगशुओला जाणारा ली नदीचा प्रवाह, दोन्ही बाजूंना चुनखडीचे सुळके, वीस युआनच्या नोटेमागे छापलेला शिंगपिंगजवळचा देखावा. त्याचं वर्णन आत आहे आणि फोटो तुम्ही पाहिलेलेच आहेत. पाऊस असेल तर तिकीट रद्द करू नका, हे सुळके ढगातच शोभतात. माझं लक्ष जास्त वेधलं ते माणसाच्या हाताने घडलेल्या देखाव्यांनी. हांगझोऊचं पश्चिम सरोवर निसर्गरम्य म्हणून जगभर गाजलं आहे, पण ते गाळाने भरून कधीच बुजलं असतं. अकराव्या शतकाच्या अखेरीस कवी सू तुंगपो तिथे प्रशासक होता. त्याने सरोवराचा गाळ आणि शेवाळ काढून त्याचाच पावणेतीन किलोमीटरचा बांध घातला, त्यावर झाडं लावली, मध्ये पूल ठेवले. आज नवपरिणीत जोडपी ज्या वाटेवर फोटो काढून घेतात ती वाट म्हणजे तो गाळ. साहित्यिकाच्या हातून सरकारी काम इतकं नेटकं झाल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

त्याहून थोर गोष्ट चेंगदूजवळ, दूच्यांगयानला आहे. पर्यटक इथे पांड्यांसाठी येतात आणि हे पाहायचं राहून जातं. इसवी सनापूर्वी २५६च्या सुमारास छिन राज्याचा सुभेदार ली बिंग याने मिन नदी धरण न बांधता दुभागली. नदीच्या मधोमध माशाच्या तोंडासारखं टोक काढलं. एक फाटा पुराचं पाणी वाहून नेतो, दुसरा शेतीकडे वळतो. शेतीच्या फाट्यावर बुटका बांध आहे, जास्तीचं पाणी आणि त्याबरोबरची वाळू त्यावरून बाहेर पडते. पुढे डोंगर फोडून अरुंद घळ काढली आहे, तिच्यातून मोजकंच पाणी चेंगदूच्या मैदानात जातं. मूळ बांधकाम होतं दगडगोटे भरलेल्या बांबूच्या लांबलचक करंड्यांचं. ते दर वर्षी झिजे आणि हिवाळ्यात पाणी अडवून, तळ उपसून पुन्हा घातलं जाई. आता तिथे काँक्रीट आहे. पाणी मात्र अजून लाखो हेक्टर शेताला जातं. बावीसशे वर्षांची ही वास्तू आहे, आणि तिच्यातलं मूळ सामान शून्य. २००८च्या भूकंपात काठावरची मंदिरं कोसळली. नदीची विभागणी चालू राहिली. मला विचाराल तर चीनमधलं सगळ्यात जुनं बांधकाम हेच, आणि ते जुनं यासाठी की ते दर वर्षी नवं केलं गेलं.

लोंगजीच्या डोंगरातल्या भातखाचरांचं गणितही असंच. च्वांग आणि याओ लोकांनी ती कित्येक शतकांत खोदली. एक पावसाळा बांध नाही घातले तर ती ढासळतील. तरुण मंडळी ग्वांगदोंगच्या कारखान्यांत गेलेली, घरी म्हातारी माणसं आणि नातवंडं. दाझाय गावात तिकिटाच्या पैशांतला वाटा गावकऱ्यांना मिळतो आणि खाचरं कसण्याशी तो जोडलेला आहे. आपण ज्याचे फोटो काढतो ते भात पिकवण्याचं काम आहे, आणि आता ते काही अंशी आपल्यासाठीच चालतं. यात खिन्न होण्यासारखं काही मला दिसत नाही. खाचरं उजाड होण्यापेक्षा हे बरं.

एक गोष्ट हे पुस्तक वाचताना ध्यानात ठेवावी. चीनमधली स्थळदर्शक पाटी कोणत्या राजाने काय बांधलं ते सविस्तर सांगते, आणि पडझडीपाशी आली की बऱ्याचदा घाईत असते. छूफूला कन्फ्यूशियसच्या घराण्याच्या स्मशानात १९६६च्या नोव्हेंबरात रेड गार्डनी काय केलं, लोंगमेनच्या लेण्यांतली बुद्धाची मस्तकं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोणी कापली आणि कोणाला विकली, हे माहीत करून गेलेलं बरं. लोंगमेनमधला सम्राज्ञीच्या मिरवणुकीचा शिल्पपट अमेरिकेत कॅन्सस सिटीला आहे, सम्राटाचा न्यूयॉर्कला. तिथल्या रिकाम्या भिंतीही पाहण्यासारख्या आहेत. तिबेट या पुस्तकात नाही, कारण तिथे परदेशी माणसाला वेगळा परवाना आणि सोबत वाटाड्या लागतो, मनाला येईल तिथे उतरता येत नाही. आणि असं उतरणं हाच माझ्या लेखी प्रवास.

मराठी वाचकाला आणखी एका ठिकाणी उतरायला सांगायचं आहे. बीजिंगहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वेगवान गाडीला दीडेक तासात शिजियाझुआंग लागतं. शहराला पाहण्यासारखं रूप नाही. पण तिथल्या हुतात्मा स्मशानभूमीत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आहे. १९३८ साली भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांत ते होते, आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीस परतले नाहीत; ९ डिसेंबर १९४२ला, बत्तिसाव्या वर्षी गेले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे आपल्याला त्यांचं नाव ठाऊक आहे, समाधीवर जाणारे मराठी पर्यटक मात्र विरळा. अर्धा दिवस काढा.

आता कामाचं. २०२०मध्ये थांबलेली भारत-चीन थेट विमानसेवा २०२५च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली, त्यामुळे सिंगापूर-बँकॉकचा वळसा काही मार्गांवर टळतो. गाडीचं तिकीट पासपोर्टवर निघतं, पासपोर्ट हॉटेलात ठेवून बाहेर पडू नका. पैसे फोनवरून द्यायचे असतात. अलीपे किंवा वीचॅटमध्ये आपलं कार्ड निघण्याआधी जोडून घ्या. गूगलचे नकाशे तिथे विसरा. बीजिंग ते शांघाय १३१८ किलोमीटर साडेचार तासांत कापणारी गाडी उत्तम आहे, पण तिची स्थानकं गावाबाहेर असतात आणि खिडकीतून काही कळत नाही. एखादा तरी टप्पा जुन्या हिरव्या डब्यांच्या गाडीने करा. तिथे फुकट गरम पाणी मिळतं आणि सहप्रवासी सोललेली संत्री पुढे करतात. शाकाहारी माणसांचे हाल होतात ही अफवा अर्धी खरी. भाजीतही डुकराची चरबी असू शकते, म्हणून काय चालत नाही ते चिनी अक्षरांत लिहून जवळ ठेवा आणि जिथे मोठं बौद्ध मंदिर असेल तिथे त्याचं भोजनगृह शोधा. नावांचे उच्चार देवनागरीत जमतील तितके जवळचे दिले आहेत. ते वाचून दाखवल्यावर टॅक्सीवाला गोंधळला तर दोष माझा समजावा.

आणि १ ते ७ ऑक्टोबर या दिवसांत जाऊ नका. तिथली राष्ट्रीय सुट्टी असते, सगळा चीन चीन पाहायला बाहेर पडतो, आणि पिंगयावच्या वेशीत शिरायला तुम्हाला पंढरपूरच्या दर्शनबारीचा धीर लागेल.